फ्रॅट हाऊसमधलं ग्रुप चॅट डिलीट करू का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी मूळचा पुण्याचा, वय 20, न्यूयॉर्क राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीत एफ-1 व्हिसावर शिकतोय. इथल्या एका फ्रॅटर्निटीचा, म्हणजे मुलांच्या विद्यार्थी-क्लबचा, मेंबर आहे (क्लबचं घर म्हणजे फ्रॅट हाऊस) आणि तिथला पीअर एज्युकेटरही, म्हणजे नवीन पोरांना कन्सेंटचं वर्कशॉप मीच देतो. मागच्या महिन्यात पार्टीत पहिल्या वर्षाची एक मुलगी, धड चालता येत नव्हतं, एक सँडल पायात एक हातात, तिला आमचा एक मेंबर वरच्या रूमकडे नेत होता. मी त्याला म्हटलं तुझी गाडी टो होतेय. तो खाली पळाला, तेवढ्यात मी तिच्या मैत्रिणींना बोलावून तिला घरी पाठवलं. आता कळतंय की त्याआधीच काहीतरी झालं होतं, तिने तक्रार केलीय आणि मला टायटल नाईन ऑफिसची, म्हणजे कॉलेजात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिसची, साक्षीसाठी ईमेल आलीय. चॅप्टरचा, म्हणजे आमच्या इथल्या शाखेचा, प्रेसिडेंट म्हणतो चॅट उडव, घरातलं घरात मिटवू, हाऊस कॅम्पसच्या बाहेर आहे, कॉलेजचा काय संबंध. मीही दोन बिअर प्यायलो होतो. बाबा म्हणतात नसत्या भानगडीत पडू नकोस. ताई, काय करू?

अरे, सगळ्यात आधी चॅटला हात लावू नकोस. व्हॉट्सॲपचं ते डिसअपिअरिंग मेसेजेस चालू असेल तर आत्ताच्या आत्ता स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ दिसेल असे, आणि जमलं तर ते सेटिंग बंद कर. उद्या हे प्रकरण पोलिसात जाऊ शकतं हे माहीत असताना पुरावा नाहीसा करणं म्हणजे न्यूयॉर्कच्या कायद्यात टॅम्परिंग विथ फिजिकल एव्हिडन्स, क्लास ई फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यांतलाच एक. तुझा प्रेसिडेंट अमेरिकन असेल तर त्याचं तो निस्तरेल, तू व्हिसावर आहेस, तुझ्या नावावर फेलनी लागली की पुढचं सगळंच अवघड. "डिलीट कर" हा त्याचा मेसेजसुद्धा जपून ठेव बरं का.

आता बिअर. इथे 2015 पासून एक राज्य कायदा आहे, लोक त्याला इनफ इज इनफ म्हणतात, शिक्षण कायद्याचं आर्टिकल 129-बी. त्यात असं आहे की जो बघणारा किंवा तक्रार करणारा चांगल्या हेतूने घटना कॉलेजला किंवा पोलिसांना सांगतो त्याच्यावर त्या वेळच्या दारू-ड्रग्ज पिण्याघेण्याबद्दल कॉलेज शिस्तभंगाची कारवाई करू शकत नाही. नीट वाच, जो सांगतो त्याला. म्हणजे गप्प बसून तू सेफ होत नाहीयेस, उलट त्या माफीच्या बाहेर राहतोयस! आणि 21 च्या आत दारू जवळ बाळगली तर इथे गुन्हा म्हणून नोंद होत नाही, दंड जास्तीत जास्त 50 डॉलर. पिऊन गाडी चालवली असतीस तर मी वेगळ्या सुरात बोलले असते, त्यावरून व्हिसा रद्द होतात.

पण एक मेख आहे. ही माफी पिण्याची आहे, पाजण्याची नाही. त्या पार्टीच्या दारूसाठी तू पैसे गोळा केले असशील, किंवा 21 च्या आतल्या कुणाला ग्लास भरून दिला असशील तर तो वेगळा मिसडिमीनर, म्हणजे फेलनीपेक्षा खालच्या दर्जाचा गुन्हा, आणि मग ऑफिसात तोंड उघडायच्या आधी क्रिमिनल वकिलाला भेट. मला ईमेलमध्ये लिहू नकोस, वकिलाला समोर बसून सांग.

जायलाच लागेल का? सक्ती नाही. 2024 चे नवे टायटल नाईन नियम जानेवारी 2025 मध्ये केंटकीच्या फेडरल कोर्टाने रद्द केले, त्यामुळे 2020 चेच लागू आहेत, आणि त्यात साक्ष दिली म्हणून किंवा दिली नाही म्हणून, दोन्हीसाठी बदला घ्यायला मनाई आहे. म्हणजे तुला हाऊसमधून काढायची धमकी आली तर तीही वेगळी तक्रार होते. आणि "हाऊस कॅम्पसच्या बाहेर आहे, कॉलेजचा काय संबंध" हे जे तुला सांगितलं जातंय ते चूक आहे. मान्यताप्राप्त संघटनेच्या मालकीची किंवा ताब्यातली इमारत त्याच नियमांत कॉलेजच्या कक्षेत धरलीय, फ्रॅट हाऊस त्यात आलंच.

प्रेसिडेंट का घाबरलाय ते मला कळतं, मान्यता जाईल, इन्शुरन्सवाले विचारतील, आणि वर व्होडकाच्या बाटल्या असतील तर नॅशनल ऑफिसही, कारण नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्स या फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेच्या मेंबर फ्रॅटर्निटींमध्ये 15 टक्क्यांवरची दारू सप्टेंबर 2019 पासून चॅप्टर हाऊसमध्ये चालत नाही. गंमत बघ, याच 129-बी मुळे संघटनेला मान्यता मिळायच्या आधी पदाधिकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार रोखण्याचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं. म्हणजे तो प्रेसिडेंट तुझ्यासारख्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये बसून सही करून आलेला असणार.

आणि ते गाडी टो होतेयचं. भांडण न करता लक्ष दुसरीकडे वळवायचं, हे तुम्ही स्लाइडवर दाखवता तेच तू जिन्यात केलंस, मला वाचून बरं वाटलं. पण वर्कशॉपबद्दल एक बोलते, वकील म्हणून नाही. बहुतेक सोरोरिटी हाऊसमध्ये, म्हणजे मुलींच्या अशाच क्लबांच्या घरांत, दारूला बंदी, त्यामुळे पार्ट्या मुलांकडेच, दारू त्यांची, दार त्यांचं, जिना त्यांचा, वरच्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या. अशा घरात कन्सेंटची व्याख्या पाठ करून घेतली तरी जिन्यापाशी न प्यायलेला माणूस उभा नसेल आणि कुणालाही परत फिरवायचा त्याला अधिकार नसेल तर सगळं तुझ्यासारख्या एखाद्याला वेळेवर काहीतरी सुचण्यावर राहतं. त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं? ऑफिसात हे विचारतील, आठवून ठेव.

आज रात्री बसून एका कागदावर लिहून काढ, फक्त जे डोळ्यांनी पाहिलंस ते: किती वाजले होते, कोण कुठे उभं होतं, ती काय बोलली, ती सँडल. "आधी काहीतरी झालं होतं" हे तू ऐकलंयस, ते वेगळ्या कागदावर. त्या मुलीला मेसेज करू नकोस, चौकशीलाही नको, आणि त्या मुलाचं नाव ग्रुपवर किंवा इन्स्टावर टाकू नकोस, बदनामीचा दावा फुकटचा ओढवून घेशील. ऑफिसला दोनच ओळी पाठव: ईमेल मिळाली, वकिलाशी बोलून वेळ कळवतो. बऱ्याच युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी फुकट लीगल सर्व्हिस असते, पण ते युनिव्हर्सिटीविरुद्धच्या कामात बहुतेक पडत नाहीत, म्हणून आधी विचारून घे, नाहीतर बाहेरचा बघ, आणि इमिग्रेशन कळणारा बघ.

बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी माझ्या सकाळी, त्यांच्या संध्याकाळी, करू देत फोन.