साडेचार फुटांची पट्टी

रत्नागिरी,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. कोल्हापूरला एमआरआय झाला, करंगळीच्या बाजूला मनगटातली कूर्चा फाटली आहे, तीन महिने रॅकेट हातात घ्यायची नाही, पुढचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. आंबा घाट उतरेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस आणि घरी आल्यापासून दार लावून बसली आहेस. आई म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा तिला, आता पुरे म्हणावं. बारावीचं वर्ष आहे." मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझा भाऊ सकाळी कोर्टावर येतो, त्याच्या हाती देते आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

तुझा जन्म २००८ चा. त्याच वर्षी सानिया मिर्झाच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. तुझ्या पिढीने सानियाला बघितलं ते करंडक उचललेल्या फोटोंत, म्हणून त्याआधीचं थोडं सांगते. फेब्रुवारी २००५ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने हैदराबादला डब्ल्यूटीएची, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, एकेरी स्पर्धा जिंकली. भारताच्या कुठल्याच बाईने तोवर डब्ल्यूटीएची कुठलीच एकेरी स्पर्धा जिंकली नव्हती. त्याच वर्षी यूएस ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली, तिथे शारापोव्हाने हरवलं. २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वी. आम्ही तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये टीव्ही लावून तिचे सामने बघायचो आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रत्येक मुलीला तिच्यासारखा फोरहँड मारायचा असायचा. तो फोरहँड सगळा मनगटातून यायचा. चेंडूवर शेवटच्या क्षणी असा फटकारा बसायचा की समोरचीला पाय हलवायला वेळच मिळत नसे. त्याच मनगटाने तिला दगा दिला. बीजिंग ऑलिम्पिकला एकेरीच्या पहिल्याच सामन्यात, १-६, १-२ असताना, तिला खेळ सोडून बाहेर यावं लागलं. वय एकवीस. त्या काळात आपण नैराश्यात गेलो होतो, हे तिने पुढे उघडपणे सांगितलं आहे. तू आज दार लावून बसली आहेस ते मला कळतं, एवढंच त्यातून सांगायचं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त आईला ताट दाराबाहेर ठेवायला लावू नकोस, स्वयंपाकघरात बसून जेव.

एक गोष्ट मला आज कबूल करायची आहे. मार्च २००५ मध्ये दुबईला सानियाचा स्वेतलाना कुझनेत्सोव्हाशी सामना होता. कुझनेत्सोव्हा तेव्हा यूएस ओपनची विजेती. पहिल्या सेटमध्ये ०-४ मागे असताना सानियाचा घोटा मुरगळला, तरी पट्टी बांधून ती खेळली आणि ६-४, ६-२ अशी जिंकली. हा सामना मी कित्येक वर्षं मुलींना छाती फुगवून सांगत आले. तुलाही सांगितलाय, चिपळूणच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, तू मनगट चोळत बसली होतीस तेव्हा. नको होतं सांगायला. तू दुखणं लपवून आणखी दोन महिने खेळलीस, त्यात माझा वाटा आहे. तो सामना सुंदर होता, पण दुखत असताना खेळावं असं त्यातून कुणी शिकू नये. मी आता तो कुणाला सांगत नाही.

माझं स्वतःचं तुला कधी बोलले नाही. कॉलेजात असताना माझं उजवं मनगट असंच गेलं. आमच्या प्रशिक्षकांनी क्रेप बँडेज घट्ट आवळलं आणि म्हणाले, "अंतिम सामना आहे, उद्या काय ते रडा." मी खेळले, जिंकलेही. त्यानंतर पुरती बरी कधीच झाले नाही. आजही विळीवर नारळ खोवायला बसले की अर्ध्या वाटीनंतर अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते. मग वाटी डाव्या हातात घ्यायची आणि उलट्या बाजूने खोवायचं. माझ्या सुनेला वाटतं ही माझी सवय आहे. कुणी तेव्हा मला थांबवलं असतं, आणि थांबल्यावर पुढे काय करायचं तेही सांगितलं असतं, तर माझं टेनिस एकविसाव्या वर्षी संपलं नसतं. तुला थांबवायचं काम डॉक्टरांनी केलं आहे. पुढचं मी सांगते.

सानिया परत आली. २००९ मध्ये महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, २०१२ मध्ये फ्रेंचही. एकेरीही खेळत राहिली. पण मनगटाची एक आणि दोन गुडघ्यांच्या दोन अशा तीन शस्त्रक्रिया झालेलं शरीर आठवड्याला पाच-पाच एकेरी सामने पेलेना, तेव्हा २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. सव्वीस वर्षांची होती. तेव्हा कितीजण म्हणाले, संपलं हिचं. आपल्याकडे दुहेरी म्हणजे एकेरीत जमलं नाही त्यांचा खेळ, असंच समजतात. तूही समजतेस. जिल्हा स्पर्धेत दुहेरीला नाव दे म्हटलं की तुझं तोंड कसं होतं ते मी बघितलंय.

आता हे बघ. तिची ग्रँडस्लॅम विजेतेपदं एकूण सहा, त्यांतली चार एकेरी सोडल्यानंतरची. १३ एप्रिल २०१५ ला ती दुहेरीत जगात पहिली झाली आणि सगळे मिळून ९१ आठवडे त्या जागेवर राहिली. कारकीर्दीतली दुहेरीची विजेतेपदं ४३. मार्टिना हिंगिसबरोबर सलग ४१ सामने जिंकली, ती साखळी फेब्रुवारी २०१६ मध्ये दोह्याला तुटली. आकड्यांवर तुझा विश्वास लवकर बसतो म्हणून दिले. मला स्वतःला त्यांच्यापेक्षा हिंगिसबरोबरची २०१५ ची विम्बल्डनची अंतिम लढत जास्त जवळची वाटते. समोर माकारोव्हा आणि व्हेस्निना. याच व्हेस्निनाबरोबर सानिया चार वर्षांपूर्वी फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात हरली होती, आता ती जाळीच्या पलीकडे. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकवर मिळाला, तिसऱ्यात २-५ मागे. तिथून ५-५. मग उजेड कमी झाला म्हणून सेंटर कोर्टाचं छप्पर मिटायला खेळ थांबला. परत आल्या आणि ७-५ ने जिंकल्या. नेटवर तो सामना सापडतो. चेंडू बघू नकोस, दोन गुणांच्या मधले पंधरा-वीस सेकंद बघ. दोघी प्रत्येक वेळी जवळ येतात, हाताला हात लावतात, काहीतरी बोलतात. गुण गेला तरी, आला तरी. २-५ असताना एकटी मुलगी कोर्टावर काय करते ते तुला माहीत आहे, रॅकेटच्या तारा सरळ करत खाली बघते. तू तेच करतेस.

आणि दुहेरी हे वेगळं शिकावं लागतं, ते एकेरीतून आपोआप येत नाही. कोर्ट लांबीला तेवढंच, ७८ फूट, पण रुंदी २७ ची ३६ होते. दोन्ही बाजूंना साडेचार फुटांची ती पट्टी, जिच्यावर तू कोर्टाबाहेरच्या जागेसारखी तुझी बाटली ठेवतेस, ती खेळात येते. जाळी खांबापाशी साडेतीन फूट आणि मध्यावर तीन फूट, म्हणजे मधून मारलेला चेंडू सहा इंच सोपा, शिवाय समोरच्या दोघींमध्ये 'तुझा की माझा' हा घोळ. तुला ताकद लावून कोपरे गाठायची सवय आहे, म्हणून मनगट गेलं. दुहेरीत अर्धे चेंडू पायाशी, हळू, मधून द्यायचे असतात. सानियाने फोरहँड टाकून दिला नाही. ती मागून फोरहँडने समोरच्या जोडीला हलवायची आणि हिंगिस जाळीजवळ तो चेंडू संपवायची. कुणाचं काय चांगलं आहे आणि ते दुसरीच्या कसं उपयोगी पडेल, एवढा हिशोब. तो बसायला वेळ लागतो. हिंगिसच्या आधी कारा ब्लॅक होती, तिच्याबरोबर २०१४ चं डब्ल्यूटीए फायनल्स जिंकलं. आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये हिंगिसशी जोडी सुटली, तेव्हा त्याच महिन्यात स्ट्रायकोव्हाला घेऊन सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात सानिया हिंगिसच्या जोडीविरुद्ध उभी राहिली आणि जिंकली. जोडी सुटते, भांडण होतंच असं नाही. चिपळूणच्या त्या मुलीशी तू तीन वर्षं बोलत नाहीस, कारण ती तुला दोनदा हरवून गेली. तिची सर्व्हिस जिल्ह्यात सगळ्यांत चांगली आणि परतीचा फटका सगळ्यांत वाईट. तुझं नेमकं उलट आहे.

हैदराबाद, मुंबई, पुणे इथल्यांनाच हे जमतं, असं तू एकदा म्हणाली होतीस. प्रार्थना ठोंबरे बार्शीची. सानियाबरोबर २०१४ च्या आशियाई खेळांत दुहेरीचं कांस्य आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिक, दोन्ही खेळली. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांग्झौच्या आशियाई खेळांत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. आणि हैदराबाद म्हणशील, तर सानिया लहानपणी खेळायला लागली तेव्हा तिथली कोर्टं शेणाची होती, हे तिनेच सांगितलेलं आहे. शेणाचं कोर्ट म्हणजे काय हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं, तुला नको. तुमच्या अंगणातलं खळं आठव. पाऊस गेला की माती उकरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून तुझे आजोबा दरवर्षी ते नवं करतात. गुळगुळीत, धूळ नाही, पाय सरकत नाही. आपलं सिमेंटचं कोर्ट गणपतीनंतर वायरब्रशने शेवाळ घासून काढावं लागतं, जाळीची तार खाऱ्या हवेने दर वर्षाला गंजते, त्यापेक्षा तुमचं खळं बरं.

तर या तीन महिन्यांत रॅकेट घरीच राहू दे. सकाळी साडेसातला कोर्टावर ये. हात बांधलेलाच असू दे. माझ्याशेजारी खुर्चीवर बसायचं आणि मुली दुहेरी खेळत असताना चेंडू सुटण्याआधी मला सांगायचं, कुठे जाणार. पहिल्या आठवड्यात दहातले तीन बरोबर येतील, महिन्याने सात यावेत. संध्याकाळी खळ्यात पाय: समोरचीचा फटका बसतो त्या क्षणाची छोटी उडी, मग दोन पावलं तिरकी पुढे, परत मागे. वीस मिनिटं पुरे, उरलेला वेळ अभ्यास. बारावी नीट द्यायची, ह्यात मी तुझ्या आईच्या बाजूने आहे.

डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच रॅकेट. तेव्हासुद्धा तुझ्या रॅकेटचं ते कडक पॉलिएस्टरचं गटिंग, म्हणजे तारा, काढून मऊ घालू आणि ताण चार-पाच पौंडांनी उतरवू. थंडीत पहाटे दव पडलेल्या कोर्टावर भिजून जड झालेल्या चेंडूने खेळायचं नाही, कुणी कितीही बोलावलं तरी. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. आणि दुखलं की त्याच दिवशी मला सांगायचं. दुसऱ्या दिवशी नाही.

एकेरी परत खेळशील की नाही, ते मला आज माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. खेळलीस तर मला आनंदच आहे. पण ते ठरेपर्यंत तू खोलीत बसून राहावंस असं त्यात काही नाही.

सानियाला २०२२ चा हंगाम खेळून थांबायचं होतं, पण यूएस ओपनच्या आधी कोपर दुखावलं म्हणून ते जमलं नाही. तिने तसं दुखण्याने थांबणं मान्य केलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला बोपण्णाबरोबर, म्हणजे चौदाव्या वर्षी जो तिचा मिश्र दुहेरीतला पहिला जोडीदार होता त्याच्याबरोबर, मुलगा प्रेक्षकांत बसलेला असताना अंतिम सामना खेळली. हरली, आणि मग फेब्रुवारीत दुबईला थांबली. छत्तीस वर्षांची होती. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा वर्षांनी.

चिपळूणच्या मुलीला मी आज दुपारी फोन केला होता. ती पुढच्या रविवारी पहिल्या गाडीने येते आहे, दिवसभर थांबेल. तिला तुझ्या मनगटाचं सांगितलं तर ती गप्प झाली आणि मग विचारलं, "बाई, ती बोलेल ना माझ्याशी?" मी म्हटलं, तूच येऊन विचार. जेवायला दोघी माझ्याकडेच. येताना रिपोर्टची झेरॉक्स आण, आणि आजोबांना विचारून ठेव, खळ्यात चुन्याने रेघा आखल्या तर चालतील का. साडेचार फुटांची पट्टीसुद्धा आखायची आहे.

तुझी,
बाई