बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना आईने स्वतःकडेही पाहावे

ताई, माझे बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मले, तेव्हा रडू दाबून दिवसभर मॉनिटरचे आकडे वाचत बसणे ही माझी पहिली चूक होती. ते काम परिचारिकांचे आहे, आपण डॉक्टरांना रोज एकदा ‘आज काय बदलले?’ एवढेच विचारावे.

सध्या इतकेच सांभाळा:
- रात्री सलग चार तास झोप आणि वेळेवर जेवण.
- डॉक्टरांनी परवानगी देताच कांगारू पद्धतीने बाळाला उघड्या छातीशी धरणे.

दूध कमी आले म्हणून स्वतःला दोष देऊ नका (घरच्यांनी दिला तरीही). उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटला, तर मात्र त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, तेथे मराठीतही बोलता येते.