फॉस्फोरिलेशनमुळे जिवाणूंची रोगकारकता खरंच वाढते का?

प्रश्न: एमएस्सीच्या नोट्समध्ये 'प्रथिनांच्या फॉस्फोरिलेशनमुळे रोगकारक जिवाणूंची व्हिरुलन्स वाढते' एवढं एकच वाक्य आहे. वाढते म्हणजे नेमकी कशी? कोणी उदाहरण देऊन सांगेल का?

उत्तर:

तुमच्या नोट्समधल्या त्या 'वाढते'वरच माझा आक्षेप आहे. कधी वाढते, कधी पार उतरते, आणि काही वेळा जिवाणू फॉस्फेट चिकटवून नाही, तर काढून घेऊन आपलं काम साधतो. माझा अभ्यास क्षयाच्या जिवाणूचा, त्यामुळे उदाहरणंही बहुतेक त्याचीच देते.

फॉस्फोरिलेशनची मूळ क्रिया तुम्हाला माहीत असेलच. किनेज हे एन्झाइम एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूमधला एक फॉस्फेट गट उचलून प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर बसवतं. त्या जागी ऋणभार येतो आणि प्रथिनाचं वागणं बदलतं. फॉस्फेटेज तो गट परत काढतं. नवं प्रथिन तयार करत बसावं लागत नाही, म्हणून हे फार झटपट होतं. मॅक्रोफेजने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशीने, गिळल्यावर भोवतीची आम्लता वाढते, ऑक्सिजन घटतो. तिथे जिवाणूला असा झटपट बदल हवाच असतो. क्षयाच्या जिवाणूकडे सेरीन-थ्रिओनीन जातीचे 11 किनेज आहेत.

आता माझं आवडतं उदाहरण. थुंकीच्या तपासणीत झील-नील्सन पद्धतीने काच रंगवतात: कार्बोल फ्यूक्सिन टाकायचं, खालून गरम करायचं, मग आम्लाने धुवायचं, शेवटी मिथिलीन ब्लू. बाकी सगळं निळं होतं आणि क्षयाच्या काड्या तेवढ्या लाल राहतात, कारण त्यांच्या भिंतीत लांबलचक मायकोलिक आम्लं असतात. या आम्लांची साखळी पूर्ण लांबीपर्यंत नेण्याचं काम कास-बी या एन्झाइमचं. जिवाणूचेच किनेज कास-बीच्या दोन थ्रिओनीनवर फॉस्फेट बसवतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी त्या दोन्ही जागी ॲस्पार्टिक आम्ल घातलं. त्याच्यावर मुळातच ऋणभार असतो, म्हणजे प्रथिनावर कायमचं फॉस्फेट बसल्यासारखंच झालं. मायकोलिक आम्लं आखूड झाली, काचेवर त्या काड्या लाल राहीनात, आणि उंदरांमध्ये हा जिवाणू अगदीच दुबळा ठरला. म्हणजे इथे फॉस्फोरिलेशनने रोगकारकता घालवली! तुमच्या नोट्समधल्या वाक्याची इथेच पंचाईत होते.

उलट बाजूचं उदाहरण पीकेएन-जी या किनेजचं. मॅक्रोफेज जिवाणूला गिळून फॅगोसोम नावाच्या पिशवीत कोंडतं, आणि पुढे ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पाचक एन्झाइमांच्या पिशवीला, जोडली गेली की जिवाणू पचतो. क्षयाचा जिवाणू ही जोडणीच होऊ देत नाही, हे 1971 पासून माहीत आहे. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने दाखवलं की बीसीजी लशीच्या जिवाणूमधून पीकेएन-जीचं जनुक काढलं, तर जिवाणू सरळ लायसोसोममध्ये जाऊन मरतो. आणि स्मेगमॅटिस हा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, त्याला हेच किनेज दिलं तर तोही मॅक्रोफेजमध्ये जास्त वेळ तग धरतो. कुष्ठरोगाच्या जिवाणूचं इथे आवर्जून नाव घेते. त्याची हजारावर जनुकं निकामी झालेली आहेत, या जातीचे किनेज उरलेत फक्त चार. आणि त्या चारांत पीकेएन-जी आहे. उगीच नाही टिकलं ते. औषधासाठीही त्याच्यावर डोळा आहे, पण माणसाच्या पेशीत स्वतःचे पाचशेच्या वर किनेज असतात. जिवाणूचं अडवायचं आणि आपली चालू ठेवायची, हे जमणं कठीण.

फॉस्फेट काढून घेण्याचं काम पीटीपी-ए करतं. हे फॉस्फेटेज जिवाणू चक्क मॅक्रोफेजच्या आत सोडतो. फॅगोसोम आम्लधर्मी करणारा जो प्रोटॉन पंप असतो, त्याच्या एका भागाला ते धरतं आणि शेजारच्या व्हीपीएस-33-बी या प्रथिनावरचं फॉस्फेट काढतं. परिणामी पंप फॅगोसोमवर बसतच नाही, आणि आम्लताही वाढत नाही. प्लेगचा जिवाणूही याच वाटेचा: त्याचं योप-एच हे फॉस्फेटेज सुईसारख्या यंत्रणेतून आपल्या पेशीत टोचलं जातं आणि तिची गिळण्याची क्षमताच बंद पाडतं. पोटातल्या हेलिकोबॅक्टरची तऱ्हा आणखी वेगळी. तो कॅग-ए हे आपलं प्रथिन जठराच्या पेशीत सोडतो, आणि त्यावर फॉस्फेट बसवण्याचं काम आपलेच किनेज करून देतात.

राहिली दोन घटकांची यंत्रणा. परीक्षेत हमखास विचारतात. क्षयाच्या जिवाणूत फो-आर हे किनेज स्वतःच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट घेतं आणि ते फो-पी या दुसऱ्या प्रथिनाच्या ॲस्पार्टिक आम्लावर देतं. मग फो-पी डीएनएला चिकटून अनेक जनुकांचा कारभार पाहतं. 1905 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका सॅनेटोरियममधल्या रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूपासून पुढे दोन वाण निघाले: रोग करणारा एच-37-आरव्ही आणि दुबळा एच-37-आरए. दुबळ्याच्या फो-पीत 219व्या जागी सेरीनऐवजी ल्यूसीन आहे, आणि त्यामुळे तो ईसॅट-6 हे घातक प्रथिन बाहेर सोडू शकत नाही. पण सगळा दोष त्या एका बदलाचा नाही: चांगलं फो-पी परत दिलं तरी त्याची ताकद पूर्ण भरून येत नाही.

स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात तयार झालेली एमटीबीव्हॅक ही लस याच धाग्यावर बेतलेली आहे. बीसीजी गायीच्या क्षयाच्या जिवाणूपासून आली. ही माणसाच्या क्षयाच्या जिवाणूपासून, त्यातलं फो-पीचं जनुक आणि सोबत फॅड-डी-26 हे जनुक काढून टाकून. आफ्रिकेत तान्ह्या मुलांवर तिच्या मोठ्या चाचण्या चालू आहेत आणि 2024 पासून भारतातही प्रौढांवर सुरू झाल्या आहेत.