उत्तर ध्रुवाजवळचा स्वालबार्ड हा बेटसमूह नॉर्वेचा आहे, मग तिथे भारताचं संशोधन केंद्र कसं?

बेटं नॉर्वेचीच, पण अटींसह. 1920 च्या पॅरिस करारात नॉर्वेला सार्वभौमत्व मिळालं. बदल्यात करारातल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे राहायला, मासेमारी करायला, खाणी चालवायला समान हक्क मिळाले. म्हणूनच तिथल्या बॅरेन्ट्सबर्ग गावात रशियाची कोळशाची खाण आहे, तीही नाटोच्या सदस्य देशात! नाविक तळ किंवा तटबंदी मात्र कुणालाच उभारता येत नाही.

तेव्हा ब्रिटिशांनी भारताच्या वतीनेही सही केली होती, त्यामुळे आपण पहिल्यापासून करारात आहोत. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड गावातलं आपलं ‘हिमाद्री’ केंद्र 2008 मध्ये सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र बघतं.

खरं भांडण समुद्राचं आहे. करारातल्या समान हक्कांत फक्त बेटं आणि किनाऱ्यालगतचं पाणी येतं, त्यापलीकडचा समुद्र नाही, असं नॉर्वे म्हणतो. 2023 मध्ये खेकडे पकडण्याच्या हक्कावरून झालेल्या एका खटल्यात नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. आता नॉर्वेच्याच कोर्टाचा निकाल बाकीच्या देशांनी का मानावा, हा प्रश्न उरतोच.

आणि हो, स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं, पण ओस्लोमार्गे जायचं तर शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा लागतोच, तोही परतीची एंट्री धरून.