एनएफएलच्या तीन वर्षांच्या नियमावर मत बनवण्याआधी

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. नव्या खेळाडूंसाठीचा तिचा तीन वर्षांचा नियम न्याय्य आहे का, यावर मत बनवायचं ठरवलंत; छान विषय निवडलात. सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी पक्क्या करा.

नियम नीट वाचा. हायस्कूल संपल्यापासून 3 वर्षं व्हायला हवीत, मगच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, नाव देता येतं. नवखे इथेच घसरतात: ‘तीन सीझन खेळावे लागतात’ असं धरून चालतात. एक सीझन बाकावर बसून काढला, तरी ते वर्ष मोजलं जातं.

मग मॉरिस क्लॅरेटचा खटला घ्या. ओहायो स्टेट विद्यापीठाचा हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) 2002 च्या कॉलेज विजेत्या संघात पहिल्याच वर्षी चमकला आणि 2003 मध्ये एनएफएलविरुद्ध कोर्टात गेला. फेब्रुवारी 2004 मध्ये जिंकला, मे महिन्यात अपिलात हरला. कारण महत्त्वाचं आहे: हा नियम म्हणजे खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटींचा विषय आहे, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा आड येत नाही, असं अपील कोर्टाने म्हटलं. नियम न्याय्य आहे, असं नव्हे! ही गल्लत करू नका.

‘शरीर तयार नसतं’ हा नियमाच्या बाजूचा युक्तिवाद सरसकट मान्य करू नका. लाइनमनच्या, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या बाबतीत तो पटतो. 19 वर्षांच्या पोराला प्रौढ लाइनमनसमोर उभं करणं धोक्याचंच. रनिंग बॅकचं उलट. त्याची कारकीर्द मुळातच छोटी, त्यात कॉलेजात खाल्लेले टॅकल (पाडण्यासाठीच्या धडका), पुढे ड्राफ्टनंतरचा पहिला करार 4 वर्षांचा. माझ्या मते खरा अन्याय त्याच्यावर होतो.

आणि 2021 पासून कॉलेज खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावतात, त्यामुळे त्याआधीचे लेख जपून वापरा. संघांच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचं गणित सध्या बाजूला ठेवा.