अळीची जखम चिघळत का नाही?

प्रश्न : कागदी लिंबाच्या रोपावरच्या अळीला काटा टोचला, हिरवट थेंब आला. वाटलं, गेली. पण चार दिवसांनी तिने कोष केला! जंतू शिरले नसतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शिरले असणार. तो थेंब म्हणजे तिचं रक्तच. मीही गॅलरीतल्या कढीलिंबावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढवते. जखमेवर मोहरीएवढी काळी खपली धरते, ती भिंग लावून जरूर बघा.

अळीकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) नसतात. जंतू आत गेले की तिच्या अंगातली चरबीची पेशीजालं काही तासांत जंतुनाशक प्रथिनं बनवून रक्तात सोडतात. स्वीडनमध्ये हान्स बोमान आणि सहकाऱ्यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोषांना जिवाणू टोचले आणि त्या रक्तातून असं प्रथिन वेगळं केलं. १९८१ साली ते ‘सेक्रोपिन’ नावाने जगापुढे आलं. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी, पण जिवाणूचं आवरणच फोडते! आपल्या रेशीमकिड्यातही सेक्रोपिनं आहेत.

जखमेवर हळद मात्र लावू नका. अळीला हात न लावता कोवळी पानं द्या, विष्ठा रोज झाडा. दाटीवाटीत रोग आला तर ही प्रथिनंही पुरी पडत नाहीत.