वाचक विचारतात : ‘संशयकल्लोळ’ची शॉर्ट फिल्म

प्रश्न : ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकावर 12 मिनिटांची प्रायोगिक शॉर्ट फिल्म करतोय, काळ आजचा. तसबिरीच्या जागी मोबाइल घेतला, पण मग एका फोनवर सगळा खुलासा होतो!

उत्तर : म्हणून मोबाइल उघडूच देऊ नका. नाटकात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतात, ते त्यांची संशयी बायको कृत्तिका बघते. रेवतीकडून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला गाठतात. या साखळीला चेहरा तेवढा पुरतो. तेव्हा लॉक स्क्रीनवर अश्विनशेठचा फोटो ठेवा आणि बॅटरी 2 टक्के. फाल्गुनरावांनी फोटो पाहिला की फोन बंद पडू द्या.

शूटिंगला ऑटो-ब्राइटनेस आणि ऑटो-लॉक बंद करा, सेकंदाला 25 फ्रेम्स, शटर 1/50 सेकंद. फोटो पांढरा पडतो म्हणून स्क्रीन फार मंद केली, तर ओलेड (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांची) स्क्रीन असलेल्या फोनवर काळे पट्टे फिरतात, कारण अशी स्क्रीन मंद होते ती भराभर उघडझाप करून. त्यापेक्षा स्क्रीन उजळच ठेवून खोलीतला प्रकाश वाढवा.

प्रश्न : खरं काय घडलं ते प्रेक्षकालाही शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, हाच आमचा प्रयोग.

उत्तर : मग तो रहस्यपट होईल. प्रेक्षकाला सगळं ठाऊक आणि पात्रांना काहीच नाही, यावरच हे नाटक हसवतं. घेरीचा प्रसंग आधी एका अखंड वाइड शॉटमध्ये दाखवा, 40-50 सेकंद, कट नाही. मग तोच प्रसंग कृत्तिकेच्या नजरेतून : कॅमेरा 10-12 मीटर मागे, 85 मिमी लेन्स. लांबून दोघांमधलं अंतर चेपलं जातं, आणि सावरणारा हात चक्क मिठीसारखा दिसतो. खोटं काही न दाखवता संशय उभा राहतो. प्रयोग करायचाच तर इथे करा. स्प्लिट स्क्रीनचा मोह टाळलेला बरा. फोनवर बघणाऱ्याला दोन्ही चौकटींतले चेहरे वाटाण्याएवढे दिसतात.

प्रश्न : स्वगतांचं काय करायचं? कॅमेऱ्याकडे बघून बोललं तर?

उत्तर : एकदा चालतं, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. फाल्गुनराव व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करतात, ऐकतात, डिलीट करतात : स्वगत झालं! रंगमंचावर हशासाठी सोडलेल्या जागा मात्र एडिटिंगमध्ये निर्दयपणे कापा. इथे त्या नट वाक्य विसरल्यासारख्या वाटतात.

प्रश्न : हक्क कुणाकडून घ्यायचे?

उत्तर : नाटककार गोविंद बल्लाळ देवल 1916 साली गेले. आपल्याकडे लेखकाचे हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात, म्हणजे मूळ संहिता केव्हाच खुली झाली. अलीकडच्या संपादित रंगावृत्तीवर मात्र संपादकाचा हक्क असू शकतो, तेव्हा जुनी छापील प्रत मिळवा. पदांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क वेगळे, प्रसिद्धीपासून 60 वर्षांचे. यूट्यूबवरून पद उचलू नका, नव्याने गाऊन घ्या. 12 मिनिटांत तसंही एकच पद मावेल.